शस्त्रक्रियेनंतरचे ताट

उधन्याच्या कापडउद्योगात खानदेशातून आलेली अनेक मराठी कुटुंबे स्थिरावली आहेत. पाहुण्यास आग्रहाने वाढणे हा त्यांचा कुळाचार. त्यात सुरतेची तुपाळ घारी! अशा घरी वजन घटविण्याची शस्त्रक्रिया झालेले माणूस परतले, म्हणजे खरी कसोटी स्वयंपाकघराची लागते.

श्री. नितीन गडकरी यांनी २०११ साली मुंबईत अशी शस्त्रक्रिया करवून घेतली, तेव्हा तिची पुष्कळ चर्चा झाली. तिच्या एका प्रकारात जठराचा सुमारे तीनचतुर्थांश भाग काढून टाकतात. म्हणून प्रथम पातळ पेये, मग मऊ अन्न, व साधारण दोन महिन्यांनी नेहमीचा आहार, असा क्रम डॉक्टर घालून देतात. घास लहान असावा व सावकाश चावावा. पाणी जेवताना न पिता अर्ध्या तासाने घोटघोट घ्यावे. ताटात आधी डाळ, अंडे वा मासळी, भाकरी-भात मागाहून. जीवनसत्त्व ब-१२, लोह व कॅल्शियम यांच्या गोळ्या वजन उतरले म्हणून सोडू नयेत. रक्ततपासणीही आयुष्यभर चालू ठेवावी. मद्य तर अशा माणसास फार लवकर चढते.

उपवासकाळाविषयी कित्येकांच्या मनात शंका असते. आजाऱ्यांवर ख्रिस्तसभा उपवासाचे बंधन घालीत नाही; पाणी व औषध यांनी तर पवित्र कम्युनियनपूर्वीचा तासाभराचा उपवास कोणाचाच मोडत नाही.

गृहिणींनो, ‘आणखी एकच घास’ या आपल्या प्रेमळ आग्रहाने त्या माणसास वांती होते, हे ध्यानी असू द्यावे. लहान वाटी पुढे ठेवून शेजारी निवांत बसावे. त्यास तेवढे पुरते.