वर्गातल्या चाळीस नजरा

काही वर्षांपूर्वी आठवीतल्या एका मुलीला तिच्या आईवडिलांनी रात्री अकराच्या सुमारास आमच्याकडे आणले. दोन दिवस ताप, सकाळपासून उलट्या, कोरडी पडलेली जीभ आणि तो ओळखीचा खोल, घाईचा श्वास. निदानासाठी प्रयोगशाळेची वाट पाहण्याची गरज नव्हती. टाइप वन मधुमेह तिला दोन वर्षांपासून होता. आता कीटोॲसिडोसिस झाला होता. तिसऱ्या दिवशी मुलगी उठून बसली, तेव्हा आईचा धीर सुटला. "डॉक्टर, ही चोरून गोड खात असणार. सांगून सांगून थकले मी." खरे सांगायचे तर माझाही समज तोच होता. तिची एचबीएवनसी सहा महिन्यांत 7.9 वरून 10.8 वर गेलेली होती, आणि आपण डॉक्टर मंडळी असा आकडा पाहिला की प्रथम डब्यावर आणि मग जिभेवर संशय घेतो.

उलगडा केला तो आमच्या वॉर्डातल्या सिस्टरने. तिने मुलीच्या ग्लुकोमीटरची स्मृती मागे मागे नेत पाहिली. सोमवार ते शनिवार सकाळी सात ते दुपारी तीन या वेळात मीटरमध्ये एकही नोंद नव्हती. रविवारी मात्र दुपारी एक-दीडची नोंद बिनचूक होती. मुलगी गोड खात नव्हती. ती शाळेत इन्सुलिनच घेत नव्हती. डबा मात्र रोज खात होती, कारण न खाल्लेला डबा घरी दिसतो, न घेतलेले इंजेक्शन दिसत नाही.

आई चहाला खाली गेल्यावर मी तिला विचारले. बराच वेळ चादरीशी चाळा करून ती म्हणाली, "डॉक्टरकाका, सगळे बघतात."

त्या दोन शब्दांचा अर्थ समजायला मला पुढचे कित्येक महिने लागले, आणि तो समजून घेण्यापूर्वी स्वतःची चूक कबूल करणे भाग आहे. दोन वर्षांपूर्वी मीच तिच्या कागदावर 'दुपारी जेवणापूर्वी अर्धा तास, 8 युनिट' असे सुवाच्य अक्षरांत लिहिले होते. ते जेवण कुठे होते, त्याआधी अर्धा तास कोणता तास चालू असतो, हे विचारले नव्हते. तो गणिताचा तास होता. म्हणजे मुलीने भर वर्गात, शिकवणे चालू असताना, दप्तरातून पेन काढून पोटाला टोचायचे, अशी माझी आज्ञा होती! पहिल्या आठवड्यात तिने ते केलेही. चाळीस माना वळल्या. मागच्या बाकावरून कोणी 'इंजेक्शनवाली' म्हणाले, आणि ते नाव राहिले.

हा प्रश्न एका अर्थी इन्सुलिनच्या यशातून निर्माण झाला आहे. 11 जानेवारी 1922 रोजी टोरांटोच्या रुग्णालयात लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले. त्याआधी या आजाराची मुले शाळेत परतत नसत. उपासमारीच्या आहारावर काही महिने, फार तर एक-दोन वर्षे जगत. पुढे कित्येक दशके सकाळ-संध्याकाळ अशा दोन इंजेक्शनांवर काम चाले आणि सुई घराबाहेर पडत नसे. 1993 मध्ये अमेरिकेतील डीसीसीटी या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. रक्तशर्करा काटेकोर ताब्यात ठेवली तर डोळे, मूत्रपिंडे आणि मज्जातंतू यांची हानी पुष्कळ टळते, हे निर्विवाद ठरले. मग प्रत्येक जेवणाआधी इन्सुलिन आणि दिवसातून अनेकदा तपासणी ही रीत रूढ झाली. शास्त्राच्या दृष्टीने ही मोठीच प्रगती होय. परंतु तिच्यामुळे सुई प्रथमच मधल्या सुट्टीत, चाळीस नजरांसमोर आली.

या नजरा सगळ्या सारख्या नसतात. कुतूहलाची नजर बहुधा निरुपद्रवी असते. "तेरे को शुगर है क्या? बहुत मीठा खाती थी?" असे विचारणाऱ्या मुलाला खरोखरच जाणून घ्यायचे असते, त्याच्या आजोबांना शुगर असते आणि हा म्हाताऱ्यांचा आजार आपल्या बाकावर कसा, एवढाच त्याचा प्रश्न असतो. चेष्टेची नजर बोचते, पण मुले तिला काही तरी उत्तर शोधतात. सर्वांत जड असते ती कणवेची नजर, आणि ती बहुधा मोठ्यांची असते. आमच्या या मुलीच्या वर्गात कोणाचा वाढदिवस होता. टॉफ्या वाटत वाटत ती मैत्रीण हिच्यापाशी आली, तोच शिक्षिका अत्यंत प्रेमाने म्हणाल्या, "इसे मत दो बेटा, इसे शुगर है।" त्या बाईंच्या हेतूबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण त्या दिवसापासून त्या मुलीने शाळेतले पेन दप्तराच्या तळाशी टाकले ते टाकलेच. शास्त्रीयदृष्ट्याही त्या चुकल्या होत्या. एक टॉफी हिशेबात धरून इन्सुलिन घेता येते. शिवाय शर्करा अचानक खाली आली तर तीच टॉफी औषध असते.

खेळाच्या तासाला सावलीत बसवणे, सहलीला न नेणे, स्नेहसंमेलनातल्या नाचातून 'हिला दगदग नको' म्हणून काढून टाकणे हे सारे याच कणवेचे प्रकार. योग्य तयारी असेल तर या मुलांना यांपैकी काहीही वर्ज्य नाही. खेळापूर्वी तपासणी आणि लागलेच तर थोडे खाणे, एवढेच.

उलट जिथे लक्ष हवे, तिथे ते नेमके नसते. शर्करा 70 मिलिग्रॅमच्या खाली गेली की मूल घामाघूम होते, हात थरथरतात, चिडचिड होते, विचारलेल्याचे उत्तर भलतेच येते. वर्गात याचा अर्थ 'उद्धटपणा' असा लावला जातो. शर्करा फार चढली की तहान लागते आणि वारंवार लघवीला जावे लागते. त्याला 'तास चुकवणे' म्हणतात. तेव्हा शिक्षकांना आपण सांगायचे ते हे की, एरवी या मुलाकडे विशेष पाहू नका, पण या चार खुणा दिसल्या तर लगेच पाहा. शर्करा कमी झालेल्या मुलाला 'जा, ऑफिसात जाऊन बस' म्हणून एकट्याने कधीही पाठवू नये. जिन्यातच ते कोसळू शकते. त्याला जागेवरच तीन चमचे साखर वा ग्लुकोजची पूड पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. चॉकलेटातील स्निग्धांशामुळे त्यातली साखर सावकाश शोषली जाते, म्हणून अशा वेळी साधी साखर बरी. मूल बेशुद्ध असेल तर तोंडातून काहीही न देता कुशीवर वळवून मदत बोलवावी.

आता आपल्या व्यवसायबंधूंसाठी. इन्सुलिनची योजना निवडताना आपण वजन, वय आणि कुटुंबाची ऐपत पाहतो; शाळेचे वेळापत्रक क्वचितच पाहतो. साधे रेग्युलर इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास लागते, म्हणजे चालू तासात. शीघ्र परिणामी ॲनालॉग दहा-पंधरा मिनिटे आधी चालते, म्हणजे सुट्टीची घंटा झाल्यावर घेऊन, हात धुऊन, डबा उघडेपर्यंत वेळ जमतो. ते महाग पडते हे खरे. ज्यांना ते परवडत नाही त्यांना पुष्कळदा सकाळी रेग्युलर व एनपीएच असे मिश्रण देऊन दुपारची सुई टाळली जाते. पण त्यानेही नजर टळत नाही, फक्त बदलते. सकाळी सातला घेतलेले एनपीएच साधारण अकरापासून जोर धरते. म्हणून मध्येच काहीतरी खावे लागते, आणि 'ही तासाला का खाते?' हा प्रश्न उभा राहतो. त्यातच साडेअकराला पी.टी.चा तास असेल तर घसरगुंडी ठरलेलीच. यांपैकी कोणती अडचण सोसवेल, हे मुलालाच विचारावे. दहा वर्षांचे मूल याचे उत्तर नेमके देते.

लपवालपवीच्या खुणा तपासणीतही सापडतात. मीटरमधील शाळेच्या वेळेचे मौन ही एक. दुसरी त्वचेवर. मूल घाईने, सदऱ्याखालून, कोणी पाहायच्या आत टोचत असेल तर ते रोज एकाच सोयीच्या जागी टोचते. तिथे चरबीची गाठ येते आणि तिच्यातून इन्सुलिन कधी शोषले जाते, कधी नाही. आकडे वरखाली उड्या मारतात आणि आपण मात्रा वाढवत बसतो. म्हणून पोट आणि मांड्या हाताने चाचपून पाहाव्यात, आणि "डोस घेतेस ना?" असे न विचारता "या आठवड्यात शाळेत किती डोस राहिले?" असे, राहणारच हे गृहीत धरून, विचारावे. पहिल्या प्रश्नाला सगळी मुले 'हो' म्हणतात.

त्या मुलीच्या बाबतीत आम्ही काय केले ते थोडक्यात सांगतो. इन्सुलिन बदलले. जागा तिने निवडली: वाचनालयाचा कोपरा. शाळेने आधी स्वच्छतागृह सुचवले होते. ते मी मान्य केले नाही. जिथे आपण जेवणार नाही तिथे जेवणाचे औषध का घ्यावे, आणि लाजिरवाणी गोष्ट करतो आहोत असे मुलाला का शिकवावे? कोणाला किती सांगायचे, हेही तिनेच ठरवले. दोन मैत्रिणींना सर्व काही, बाकीच्यांना एकच वाक्य. ते वाक्य तिने हिंदीतच तयार केले, कारण प्रश्न हिंदीतच येतात: "मेरा शरीर इन्सुलिन नहीं बनाता, इसलिए बाहर से लेती हूँ।" आमच्याकडे बसून ते तिने दहा वेळा म्हटले, शेवटी कंटाळून हसायला लागली. पाठ झालेले वाक्य पटकन बाहेर पडते आणि पुढचा प्रश्न बहुधा येत नाही. वर्गासमोर आजाराची माहिती देणारे भाषण व्हावे, अशी मुख्याध्यापिकांची इच्छा होती. मुलगी 'नको' म्हणाली, झाले नाही. दुसऱ्या एका मुलाने मात्र स्वतः उभे राहून वर्गाला मीटर दाखवले आणि त्याची चेष्टा त्याच आठवड्यात थांबली. दोघेही बरोबर होते.

नव्या साधनांनी हा प्रश्न मिटवला असे समजू नये. दंडावर चिकटवलेला सेन्सर बोट टोचण्याचा त्रास वाचवतो, पण तो अर्ध्या बाहीच्या गणवेशात सर्वांना दिसतो आणि भर परीक्षेत वाजतो. शिवाय त्याचे आकडे आईच्या मोबाइलवर जातात. "काका, आता शाळेत आईपण बघते," असे एका मुलाने मला सांगितले. घरी परतताच दप्तर उतरवण्याआधी "एक वाजता 240 कशी गेली?" हा प्रश्न समोर उभा असतो. आईची काळजी मला कळते. तिची रात्रीची झोप केव्हाच उडालेली असते. तरी धोक्याचा इशारा सोडून शाळेच्या वेळात आकड्यांवरून फोन करायचा नाही आणि परतल्यावर पहिला अर्धा तास शर्करेचा विषय काढायचा नाही, असा करार आम्ही आता लेखी करून घेतो. आजीसाठीही एक कलम असते. मुलाला कारल्याचा रस देऊ नये, आणि हळदीकुंकवाला आलेल्यांसमोर 'एवढ्याशा पोराला बघा' असे म्हणून उसासा टाकू नये. मुलगी असेल तर आजार जगापासून दडवण्याची आज्ञाही घरातूनच येते; लग्नाची चिंता दहाव्या वर्षीच सुरू होते. घरात जे झाकून ठेवायचे, ते शाळेत मोकळेपणाने कसे करावे, हे त्या मुलीला कोणी सांगत नाही.

शाळांकडे दाद मागायला आता आधारही आहे. 2017 मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने मधुमेही विद्यार्थ्यांना परीक्षागृहात खाण्याचे पदार्थ व पाणी नेण्याची मुभा दिली. 2023 मध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने राज्यांना या मुलांच्या सोयींविषयी पत्र लिहिले, आणि त्यानंतर उत्तर प्रदेशाच्या शिक्षण विभागाने वर्गात तपासणी, इन्सुलिन व मधले खाणे यांना परवानगी देणारे आदेश काढले. सवलत मागणे आणि वेगळे दिसणे यांत मुलाला निवड करावी लागू नये, म्हणून ही मागणी मुलाने नव्हे, पालकांनी आणि डॉक्टरांनी आधीच, लेखी करावी.

आमच्याकडून शाळेला जाणारे पत्र एका पानाचे असते. आपल्या इंदूरच्या शाळांत मराठी पत्र वाचणारे कमी, म्हणून ते हिंदीत व इंग्रजीत. पहिला मसुदा मी त्या मुलीला दाखवला होता. तिने 'पीड़ित' हा शब्द खोडला, 'विशेष ध्यान दें' हे वाक्य खोडले, आणि चार खुणा व साखरेची कृती तेवढी ठेवली. तेच पत्र आजही वापरतो. फक्त दरवर्षी नव्या सत्राच्या पहिल्या आठवड्यात ते पुन्हा द्यावे लागते, कारण वर्गशिक्षक बदलतात, आणि पी.टी.च्या सरांपर्यंत त्याची प्रत पोचलेली नसते.