आकाशाची कुजबुज आणि आपला गलका

गणपतीच्या दिवसांत डॉक्टर किती हतबल होतो ते एकदा माझ्या दवाखान्यात येऊन पाहा. समोर दोन वर्षांचे मूल, त्याच्या छातीवर स्टेथोस्कोप आणि कानात मात्र गल्लीच्या टोकाच्या कर्ण्याचे गाणे. कान तोच, यंत्र तेच. पण छातीतली बारीक घरघर काही केल्या ऐकू येत नाही. शेवटी मुलाला घेऊन आतल्या खोलीत जायचे आणि दार लावायचे. होमिओपॅथीच्या डॉक्टराने खगोलशास्त्रावर का लिहावे, असे तुम्ही विचाराल. अतिसौम्य मात्रेशी जन्मभराचा संबंध, एवढेच माझे भांडवल!

आपण बेळगावकर पुण्यापर्यंत नेहमीच जातो. तिथून नाशिकच्या रस्त्याने पुढे गेलात की नारायणगावाजवळ खोडदच्या शिवारात तारांच्या जाळीच्या प्रचंड थाळ्या आभाळाकडे तोंड करून उभ्या दिसतात. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. अशा ३० थाळ्या, त्यांतल्या १४ जवळजवळ आणि बाकीच्या तीन दिशांना दूरवर पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही महाकाय रेडिओ दुर्बीण. भोवतालचे डोंगर शहरांचा रेडिओ-गोंगाट अडवतात, हे जागा निवडण्यामागचे एक मोठे कारण होते. म्हणजे आमची आतली खोलीच.

ती जे ऐकते ते किती क्षीण असते? शास्त्रज्ञ ते ‘जान्स्की’ या एककात मोजतात. दशांशचिन्हानंतर २५ शून्ये लिहा आणि मग १ मांडा. इतके वॅट दर चौरस मीटरला, दर हर्ट्झला. हा झाला एक जान्स्की, आणि पुष्कळशा दीर्घिका त्याच्या हजाराव्या भागाइतक्याही बोलत नाहीत. त्यांच्याशेजारी आपला साधा मोबाइल म्हणजे कर्णाच.

म्हणून १९५९ साली जिनिव्हाच्या परिषदेत राष्ट्रांनी रेडिओ खगोलशास्त्राला लहरींच्या वाटपात अधिकृत जागा दिली. हे वाटप आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ पाहतो. विश्वात सर्वांत मुबलक मूलद्रव्य हायड्रोजन. त्याचा अणू १४२० मेगाहर्ट्झवर बोलतो. तेव्हा १४०० ते १४२७ मेगाहर्ट्झ हा पट्टा पूर्ण मौनाचा ठरला. संघाच्या नियमावलीत ५.३४० क्रमांकाची एक तळटीप आहे, तिने या पट्ट्यात सर्वच प्रक्षेपणाला बंदी केली आहे. तळटिपा कोणी वाचत नाही, पण ही एक तळटीप जगभरच्या दुर्बिणींचे दार लावून धरते. बोलणी करूनही काम होते. रशियाच्या ग्लोनास उपग्रहांचा १६१२ मेगाहर्ट्झजवळ त्रास होऊ लागला, तेव्हा १९९३ मध्ये करार झाला आणि त्यांनी आपल्या लहरी हळूहळू खाली सरकवल्या.

पण वाचकहो, खरी अडचण पुढेच आहे. विश्व प्रसरण पावते, त्यामुळे दुरून येणाऱ्या लहरी वाटेत ताणल्या जातात. दूरच्या हायड्रोजनचा आवाज १४२० वर राहत नाही, तो खाली उतरतो. लहर दुप्पट ताणली गेली की तो ७१० वर येतो. २०२० साली खोडदच्याच दुर्बिणीने साडेसात हजारांहून अधिक दीर्घिकांचे संकेत एकत्र करून सुमारे ८ अब्ज वर्षांपूर्वीच्या हायड्रोजनचा माग काढला, तो याच परिसरात. तिथे मौनाचा कायदा नाही. उलट २०२२ च्या लिलावात आपल्या सरकारने ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा मोबाइलसाठी विकला. हायड्रोजन तळटीप पाळत नाही. तिथे आधार उरतो तो फक्त डोंगरांचा आणि आसपासच्या माणसांचा.

आणि ही माणसे किंमत मोजतात. पुणे–नाशिक रेल्वेची आधीची आखणी या भागातून जात होती. दुर्बिणीला बाधा येईल म्हणून ती बदलण्याचे ठरले. टोमॅटो पिकवणाऱ्या नारायणगावच्या शेतकऱ्याला आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या वायूपायी दारची रेल्वे सोडा म्हणणे सोपे नाही. मला दुर्बीण हवी आहे, पण त्याचा राग मला चुकीचा वाटत नाही. सगळ्यांसाठी राखलेल्या शांततेचे बिल एकाच तालुक्याच्या नावे फाडले जाते.

त्यातून डोंगर वरून येणारा आवाज अडवू शकत नाहीत. २०२३ मध्ये नेदरलँड्समधील लोफार दुर्बिणीने दाखवून दिले की स्टारलिंकच्या उपग्रहांतून ११० ते १८८ मेगाहर्ट्झच्या दरम्यान लहरी गळतात. हे प्रक्षेपण नव्हे, आतल्या विद्युत यंत्रणेची गळती! नियम लिहिले गेले ते मुद्दाम सोडलेल्या लहरींसाठी. अशा गळतीला ते नीट लागू पडत नाहीत. दुर्बिणींसाठी राखलेल्या शांत क्षेत्रांवरून जाणाऱ्या उपग्रहांवर कोणती बंधने असावीत, हा प्रश्न आता २०२७ च्या जागतिक परिषदेच्या विषयपत्रिकेवर आहे.

खोडदला दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या सुमारास विज्ञान प्रदर्शन भरते, तेव्हा दुर्बीण जवळून पाहता येते. नातवंडांना घेऊन जा. मोबाइल मात्र आधीच पूर्ण बंद करा. नुसता आवाज बंद करून भागत नाही. खिशात पडल्या पडल्या तो टॉवरशी बोलतच असतो.