पावसाळा आणि विमानाचे इंजिन

आपल्या मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर पूर्वी पावसाळा लागला की आगबोटी बंद पडत आणि माल पाऊस सरेपर्यंत स्वस्थ बसून राही. वालावलच्या मंडळींस याचे नवल नव्हते. परंतु ९ ऑक्टोबर २०२१ पासून जवळच्या परुळे-चिपीला विमाने उतरू लागली, आणि वाट पाहणे ज्याला परवडत नाही अशा एका मालाचा विचार आपणांस करणे प्राप्त झाले. तो माल म्हणजे विमानाचे इंजिन.

चिपीला प्रथम आलेल्या एटीआर विमानाचे एक इंजिन सुमारे ४८० किलो भरते. बोइंग ७३७ च्या एका प्रचलित जातीचे २,४०० किलोंच्या आसपास. इंजिन बिघडून विमान परगावी अडकले, तर दुसरे तेथे न्यावे लागते. एरवी विमानानेच नेता येईल. पण २६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाणी पडले, तेव्हा मुंबईचा विमानतळच बंद ठेवावा लागला. अशा वेळी उरतो रस्ता.

कोणी म्हणेल, ताडपत्री घाला आणि ट्रक दामटा. गंमत अशी की, हेच इंजिन चालू असताना मुसळधार पाऊस गिळते. तशी परीक्षा दिल्याखेरीज त्याला परवानाच नाही. धोका आहे तो ते निजलेले असताना. दांडा फिरतो तेव्हा बेअरिंगच्या गोळ्या आणि कडी यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर असतो. दांडा थांबला की सारा भार एकाच जागी टेकतो, तेल बाजूस सरते, आणि ट्रक खड्ड्यांतून हादरत गेला की तेथे बारीक व्रण पडतात. पुढे उड्डाणात बेअरिंग झिजू लागते ते तेथूनच. म्हणून इंजिन धक्के शोषणाऱ्या घोडीवर बसवून, ओल टिपणाऱ्या पुड्यांसह पिशवीत बंद करून, हवेच्या फुग्यांवर झुलणाऱ्या गाडीतून नेतात. सोबत धक्के नोंदणारे यंत्रही ठेवतात. त्याने मर्यादेबाहेरचा धक्का दाखविला, तर वेळेवर पोहोचलेले इंजिनही जोडता येत नाही. ते तपासणीस जाते. मग घाई केली कशासाठी?

मुंबईहून चिपी सुमारे ५०० किलोमीटर. पावसाने उखडलेला रस्ता वेग घेऊ देत नाही, आणि कोल्हापूरकडून यावे तर घाटात दरडीची धास्ती. आमच्या मते, उघडीप साधून २०२३ मध्ये सुरू झालेल्या मोपाच्या विमानतळावर इंजिन उतरवावे. तेथून कुडाळपर्यंत चौपदरी महामार्ग आहे. पुढचा चिपीपर्यंतचा तुकडा मात्र रात्री टाळून, दिवसाउजेडी, अगदी सावकाश काढावा.