बेडकाच्या हाडांतील साक्ष

पावसाळ्यांत पेण-रोह्याच्या भातखाचरांतून बेडूक ओरडूं लागले, म्हणजे मुलें त्यांस खडे मारतात. या क्षुद्र प्राण्याच्या हाडांत केवढा प्राचीन इतिहास सांठविलेला आहे, याची कल्पना त्यांस नसते.

वाढलेल्या बेडकाच्या पुढच्या पायांत कोपराखालीं एकच हाड असतें. आपल्या हातांत तेथें दोन असतात. परंतु शेपटीच्या पिल्लास पाय फुटूं लागतात, तेव्हां त्या जागीं मऊ कूर्चेच्या दोन निराळ्या कांड्या दिसतात. पुढें त्यांचींच हाडें बनून एकजीव होतात. जोडाची खूण म्हणून टोंकाकडे एक खांच उरते. यावरून बेडकाच्या पूर्वजांस तेथें दोन हाडें असावींत, असें अनुमान निघतें.

हे पूर्वज कोण? धरमतरच्या खाडींत चिखलावर चालणारा निवटी मासा पाहून कोणी त्याकडे बोट दाखवील. पण त्याच्या परांत अशी मांडणी नाहीं. ती सांपडते 'टिकटालिक' या सुमारें ३७.५ कोटी वर्षांपूर्वींच्या माशांत. त्याचे अश्मीभूत अवशेष इ. स. २००४ मध्यें कॅनडाच्या उत्तरेस एल्स्मिअर बेटावर मिळाले. त्याच्या परांत वर एक हाड, खालीं दोन व पुढें मनगटासारखीं लहान हाडें आहेत. हा मासा त्या पूर्वजांचा निकट आप्त होय.

विद्यार्थिमित्रहो, स्वतःचा हात चाचपून पाहा. तीच मांडणी बोटांस लागेल. मग बेडकावर खडा उचलणारा हात त्याच्याच कुळांतला आहे, हें स्मरावें.