एक पुस्तक, अनेक हात

हस्तलिखित अंक ही मराठी शाळांची जुनी परंपरा आहे. ज्याचे अक्षर चांगले तो लिहितो, जिचा हात चित्रकलेत चालतो ती चित्रे काढते, कोणी मुखपृष्ठ करतो, कोणी बांधणी करतो. अंक तयार झाला की त्याचे प्रकाशन होते आणि तो कपाटात जातो. असे अंक पुढे काही वर्षांनी बाहेर काढून पाहिले तर एक गोष्ट पुष्कळदा दिसते. चित्र मजकुरावर चढलेले असते, ओळींची पहिली अक्षरे शिवणीत गेलेली असतात, मुखपृष्ठावर चिकटवलेला लगद्याचा मोर निखळून पडलेला असतो. प्रत्येकाने आपापले काम मन लावून केलेले असते, तरी पुस्तक मात्र साधलेले नसते.

असे का होते? कामाची वाटणी झाली म्हणजे एकत्र काम झाले असे आपण समजतो. वास्तविक अनेक कलावंतांनी मिळून एक वस्तू करायची तर प्रत्येकाला दुसऱ्याच्या कामासाठी जागा सोडावी लागते. ही जागा कशी सोडतात, हे समजण्यासाठी आपल्या गावातच दोन उत्तम उदाहरणे आहेत. एक पुस्तकाचे आणि एक दगडाचे.

महाराज बाड्यावरचे पुस्तक

महाराज बाड्यावरील केंद्रीय ग्रंथालयात भारताच्या संविधानाची एक मोठी, सचित्र प्रत जपून ठेवलेली आहे. ती १९५६ साली ग्वाल्हेरला आली. बोलताना सर्वजण तिला "मूळ प्रत" म्हणतात. येथे थोडा खुलासा करायला हवा. हाताने लिहिलेली मूळ इंग्रजी व हिंदी प्रत दिल्लीला संसदेच्या ग्रंथालयाच्या ताब्यात आहे. इंग्रजी हस्तलिखिताच्या पानांची छायाचित्रे धातूच्या पत्र्यावर उतरवून देहरादूनच्या भारतीय सर्वेक्षण विभागाने १,००० प्रती छापल्या. या पद्धतीला फोटोलिथोग्राफी म्हणतात. आपली प्रत ही त्यांतली आहे. देशाचे नकाशे छापणाऱ्या खात्याकडे हे काम गेले, यात नवल नाही. बारीक रेघ न तुटू देता कागदावर उतरवणे हा त्यांचा रोजचाच व्यवसाय होता.

संविधान सभेने २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान स्वीकारले आणि २६ जानेवारी १९५० पासून ते अंमलात आले. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा जन्म आपल्याच राज्यातील महू येथे १८९१ साली झाला, हे आपण जाणतोच. मध्य भारताच्या वतीने जे प्रतिनिधी संविधान सभेत होते, त्यांत इंदूरचे विनायक सीताराम सरवटे हे मराठी गृहस्थही होते. मूळ संविधानात ३९५ कलमे, २२ भाग आणि ८ परिशिष्टे होती. हा झाला मजकूर. पण तो मजकूर पुस्तक कसा झाला, ही हकिगत वर्गात फारशी सांगितली जात नाही.

एक लेखणी, अनेक कुंचले

इंग्रजी प्रत लिहिली दिल्लीच्या प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी. सुलेखन हा त्यांच्या घराण्याचा वारसा होता आणि आजोबा रामप्रसाद सक्सेना यांच्याकडून त्यांनी ही विद्या घेतली होती. टाकाने, शेकडो निबा झिजवून, सुमारे सहा महिन्यांत त्यांनी हे लेखन पुरे केले. मोबदला म्हणून त्यांनी पैसे मागितले नाहीत. प्रत्येक पानावर आपले नाव असावे आणि शेवटच्या पानावर आपल्याबरोबर आजोबांचेही नाव असावे, एवढीच त्यांची अट होती.

चित्रांचे काम शांतिनिकेतनच्या कलाभवनातील नंदलाल बोस आणि त्यांचे शिष्य व सहकारी यांच्याकडे होते. लिहिणारा दिल्लीत, रंगवणारे बंगालमध्ये! तरीही पान उघडले की अक्षर आणि चित्र एकमेकांना ढकलत नाहीत. चित्र भागाच्या आरंभी आपल्या चौकटीत आहे, वेलबुट्टी कडेने आहे, मध्ये अक्षराला मोकळा श्वास आहे. २२ भागांसाठी २२ चित्रे योजली होती. पहिल्या भागावर मोहेंजोदडोच्या मुद्रेवरील बैल आहे, बाराव्यावर नटराज, तेराव्यावर महाबलीपुरमचे शिल्प, पंधराव्यावर शिवाजी महाराज आणि गुरू गोविंदसिंह. सोळाव्या भागावर टिपू सुलतान आणि झाशीची राणी लक्ष्मीबाई आहेत. जून १८५८ मध्ये राणीने ज्या भूमीवर देह ठेवला, ती भूमी आपलीच. फूलबागेतील समाधी तुम्ही सर्वांनी पाहिली आहे. पुढच्या वेळी ग्रंथालयात हे पान पाहण्यास मिळाले तर अवश्य पाहा.

या मंडळींत आपल्या मध्य प्रदेशचे दोन तरुण होते. उद्देशिकेचे पान सजवले ते जबलपूरचे ब्योहार राममनोहर सिन्हा यांनी. पानाच्या खालच्या कोपऱ्यात "राम" अशी छोटी सही आहे. बैतूल जिल्ह्यातील मुलताईचे दीनानाथ भार्गव यांच्याकडे सिंहमुद्रेचे रेखाटन होते. सारनाथचा सिंहस्तंभ हे दगडातले शिल्प. ते कागदावर सपाट उतरवायचे होते. त्यासाठी नुसते शिल्पाचे चित्र पाहून चालणार नव्हते. नंदलालांच्या सांगण्यावरून भार्गव कलकत्त्याच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन जिवंत सिंह कसा उभा राहतो, कसा पाहतो, याचा अभ्यास करीत. एका माध्यमातली वस्तू दुसऱ्या माध्यमात नेताना मुळापर्यंत जावे लागते, ते असे.

हिंदी प्रतीची कथा आपल्याला आणखी जवळची आहे. ती लिहिली वसंत कृष्ण वैद्य यांनी आणि तिचा कागद आला पुण्याच्या हातकागद केंद्रातून. १९४० साली के. बी. जोशी यांच्या प्रयत्नाने पुण्यात हातकागदाचे काम सुरू झाले होते. सुती चिंध्या कुटून लगदा करायचा, तो पाण्यात पातळ करून जाळीच्या साच्यावर उचलायचा, दाबून पाणी काढायचे, वाळवायचा, खळ देऊन घोटायचा, अशी ही रीत. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या भुग्याचा असतो, म्हणून तो थोड्याच दिवसांत पिवळा पडून तुटतो. कापसाचा धागा लांब व चिवट असतो, म्हणून चिंध्यांचा कागद पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. २५२ पृष्ठांचे ते हिंदी हस्तलिखित कागद करणाऱ्यांच्याही हातांवर उभे आहे.

मानमंदिराची भिंत

आता किल्ल्यावर चला. राजा मानसिंह तोमर (इ. स. १४८६ ते १५१६) याने बांधलेल्या मानमंदिराच्या भिंतीवर निळ्या, पिवळ्या, हिरव्या चकाकत्या कौलांची नक्षी आहे. हत्ती, मगरी, बदके आणि केळीची झाडे रांगेने चाललेली दिसतात. आज कलाशाळांत ज्याला मिश्र माध्यम म्हणतात, ते हेच. दगड घडवणे ही पाथरवटाची विद्या, तर मातीवर काचेचा लेप चढवून भट्टीत भाजणे ही वेगळ्या कारागिराची. भट्टीत माती आकसते. तेव्हा कौल भाजून केवढे होईल, हे त्या कारागिराने आधी सांगितल्याशिवाय पाथरवटाला दगडात बसण्यापुरती जागा ठेवता येणार नाही. दोघांनी छिन्नी व चाक हाती घेण्यापूर्वी एकमेकांशी बोलणे भाग होते. त्या बोलण्याचा पुरावा म्हणजे पाचशे वर्षे टिकलेली ती भिंत.

वर्गात करून पाहू

हाच धडा आपल्या हस्तलिखिताला लावू. समजा एका वर्गाने "आपले ग्वाल्हेर" या विषयावर अंक करायचे ठरवले आणि मुखपृष्ठावर कागदाच्या लगद्याचे उठावशिल्प हवे आहे. तर क्रम असा असावा.

पहिल्या दिवशी कोणीही लिहू नये किंवा रंगवू नये. आधी साध्या कागदाची एक कोरी नमुना प्रत बांधावी. लेखक, चित्रकार, शिल्पकार आणि बांधणी करणारे यांनी ती मध्ये ठेवून बसावे. पान उलगडून पाहावे, शिवणीत किती कागद जातो ते मोजावे. शिवणीकडे निदान एक इंच जागा कोरी सोडावी. चित्राची चौकट पेन्सिलीने आखून घ्यावी. सर्वांना मान्य झाले की मगच खऱ्या कागदाला हात लावावा.

कागद घेताना तो कोणत्या दिशेने सहज दुमडतो ते पाहावे आणि ती घडी शिवणीला समांतर ठेवावी. नाहीतर पाने उघडताना ताठ उभी राहतात. चार-चार कागद एकत्र दुमडून त्यांचे जुज करावेत आणि मेण लावलेल्या दोऱ्याने ते एकमेकांना शिवावेत. वरून टाचण्या मारण्यापेक्षा ही जुजबंदी टिकाऊ असते आणि पुस्तक पूर्ण उघडते. चिकटवण्यास मैद्याची खळ उत्तम. पूर्वीचे कारागीर किडीसाठी खळीत मोरचूद घालत. ते विषारी असल्याने शाळेत वापरू नये. लागेल तेवढीच खळ रोज ताजी करावी.

उठावशिल्प करणाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी. ओला लगदा थेट पुठ्ठ्यावर थापला तर पुठ्ठा पाणी पिऊन वाकतो. म्हणून शिल्प वेगळे करावे, पुरते वाळू द्यावे आणि मग चिकटवावे. शिल्प वर आले तर पुस्तक कपाटात सरकवताना तेच आधी घासते आणि तुटते. यावर सोपा उपाय आहे. मुखपृष्ठाला दोन पुठ्ठे घ्यावेत, वरच्या पुठ्ठ्याला खिडकी कापावी आणि शिल्प त्या खोबणीत बसवावे. शिल्पाची उंची पुठ्ठ्याच्या जाडीपेक्षा जास्त नसावी. म्हणजे येथे बांधणी करणाऱ्याचे शिल्पकाराने ऐकायचे आहे. आणि शिल्पाला मोठी खिडकी हवी असेल तर शीर्षक लिहिणाऱ्याने बाजूला सरकायचे आहे. रुसवेफुगवे होतील, होऊ द्यावेत. नमुना प्रतीवर झालेले भांडण रबराने पुसता येते. खऱ्या प्रतीवर झालेले पुसता येत नाही.

नाव कोणाचे?

आता सर्वांत अवघड प्रश्न. शाळेत गुण एकेकट्याला मिळतात, त्यामुळे एकत्र केलेल्या वस्तूचे श्रेय बहुधा ज्याचे काम डोळ्यांत भरते त्याच्याकडे जाते. सुंदर अक्षराची प्रशंसा होते. पन्नास पानांची शिवण सरळ घालणाऱ्या मुलाचे नाव कोणाला आठवत नाही, कारण चांगली शिवण दिसतच नाही. ती बिघडली तरच दिसते.

संविधानाच्या पुस्तकातही हे आहे. रायजादांनी आपले नाव मागून घेतले. सिन्हांनी कोपऱ्यात दोन अक्षरे ठेवली. पुण्याला चिंध्या कुटणारे, देहरादूनला यंत्रावर उभे असणारे कामगार यांची नावे पानांवर नाहीत. मानमंदिराच्या भिंतीवर तर ना पाथरवटाचे नाव आहे, ना कौले भाजणाऱ्याचे. पाचशे वर्षांपूर्वीचे ते आता भरून काढता येणार नाही. आपल्या अंकापुरते मात्र सहज करता येते. शेवटचे एक पान कोरे ठेवावे आणि त्यावर प्रत्येकाचे नाव व काम लिहावे. कागद कोणी कापला, खळ कोणी शिजवली, शिवण कोणी घातली, शुद्धलेखन कोणी तपासले, सर्व लिहावे. नावे पहिल्या-दुसऱ्या क्रमांकाने लिहू नयेत, अकारविल्हे लिहावीत.

पालकांना एक विनंती आहे. मुलांचा प्रकल्प घरी नेऊन रात्री आपण पूर्ण करून देणे थांबवावे. तो सुबक होतो हे खरे. पण दुसऱ्यासाठी जागा कशी सोडायची, हे शिकण्याची मुलाची संधी त्यात जाते. वाकडी रेघ चालेल. ती त्याची असू द्यावी.

विश्वस्त मंडळींपुढेही एक गोष्ट ठेवाविशी वाटते. संसदेतील मूळ प्रती नायट्रोजन भरलेल्या, हवाबंद काचेच्या पेट्यांत ठेवल्या गेल्या, कारण प्राणवायू, दमट हवा आणि प्रकाश हे कागदाचे शत्रू. आपल्याला तशा पेट्या नकोत. जुनी हस्तलिखिते जमिनीपासून वर, भिंतीला न टेकता, कोरड्या कपाटात आडवी ठेवली आणि पावसाळ्यानंतर उघडून कसर-वाळवी पाहिली तरी पुष्कळ होईल. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नये. त्याचा डिंक पिवळा पडून कागद खातो. प्रत्येक अंकाची एकदा स्कॅन करून प्रत ठेवावी, म्हणजे मूळ अंक वारंवार हाताळावा लागणार नाही. देहरादूनच्या त्या १,००० प्रतींनी हेच काम केले, म्हणून दिल्लीचे पुस्तक पेटीत राहूनही ग्वाल्हेरकरांना पाहायला मिळते.

विद्यार्थी मित्रहो, यंदाच्या अंकाची तयारी सुरू करण्यापूर्वी शिक्षकांबरोबर ग्रंथालयाची एक फेरी जरूर करा. उद्देशिकेच्या पानावरची ती छोटी सही शोधा. आणि परत आल्यावर पहिले काम नमुना प्रत बांधण्याचे करा.