व्याज नाही, मग जीएसटी कशावर?

नव्या घरात फ्रिज, पलंग, वॉशिंग मशीन सगळं एकदमच लागतं आणि दुकानात ‘नो कॉस्ट ईएमआय’ची पाटी समोरच असते. व्याज तिथेही असतंच. तेवढी सवलत आधी मिळते आणि क्रेडिट कार्डाची बँक ते व्याज हप्त्यांतून वसूल करते. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. ३६,०००चा फ्रिज, ३,०००चे बारा हप्ते. दर १५ टक्के धरला तर व्याज सुमारे २,७६० रुपये. ते सवलतीत भागतं; पण त्यावरचा १८ टक्के जीएसटी, जवळपास ५०० रुपये, आपल्याच कार्डाच्या बिलात येतो. प्रक्रिया शुल्क वेगळं. म्हणून आधी रोखीचा भाव विचाराच. आणि कार्डाचं बिल थकलं, तर पुढच्या महिन्यात त्याच कार्डावर घेतलेल्या किराण्यावरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं.