लिलावातील प्राचीन मुद्रित नकाशा : पनवेल परिसरातील संग्राहकांच्या दृष्टीने काही विचार

प्रस्तावना :
पनवेल हे कोकण व देश यांना जोडणारे जुने बंदर होय. नोव्हेंबर 1778 मध्ये मुंबईकर इंग्रजांची फौज पनवेल येथे उतरली व बोरघाट चढून पुण्याकडे निघाली. जानेवारी 1779 मध्ये वडगाव येथे मराठ्यांनी तिला शरण आणले. याच काळात हिंदुस्थानचे विश्वसनीय नकाशे इंग्लंडमध्ये छापले जाऊ लागले. असे नकाशे आज लिलावात विक्रीस येतात. अभ्यासक, महाविद्यालये व हौशी संग्राहक यांनी ते घेताना कोणती दक्षता घ्यावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

आवृत्तीची ओळख :
मुद्रित नकाशाचे मूल्य केवळ वयावर ठरत नाही. तांब्याचा कोरलेला पत्रा अनेक वर्षे वापरात राहत असे. त्यामुळे नकाशावरील साल हे त्या प्रतीच्या छपाईचे साल असेलच असे नाही. जेम्स रेनेल याचे उदाहरण बोलके आहे. त्याचा हिंदुस्थानचा पहिला नकाशा 1782 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एका अंशाला एक इंच असे प्रमाण होते. 1788 च्या नव्या नकाशात ते दीड इंच झाले व क्षेत्रफळ सव्वादोन पट वाढले. दोन्ही नकाशांचा कर्ता एकच असला तरी त्या दोन स्वतंत्र कृती आहेत. लिलावाच्या सूचीत हा भेद स्पष्ट नसेल तर बोलीपूर्वी लेखी खुलासा मागावा. पडताळणीसाठी सुझन गोल यांचा 1976 चा भारताच्या जुन्या नकाशांवरील ग्रंथ उपयुक्त ठरतो.

अस्सलपणाची परीक्षा :
ताम्रमुद्रणात ओला कागद पत्र्यावर दाबला जाई. म्हणून चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा खोलगट ठसा उमटतो. मात्र समास कापलेल्या प्रतीत तो दिसत नाही. भिंगातून पाहिल्यास कोरीव रेषा सलग दिसते, तर आधुनिक छायाप्रतीत ठिपक्यांची जाळी आढळते. अठराव्या शतकाच्या मध्यापूर्वीचा हातकागद उजेडासमोर धरला असता साच्याच्या तारांच्या खुणा व बहुधा जलचिन्ह दिसते. जुना हिरवा रंग तांब्याच्या क्षारामुळे कागद जाळतो व मागील बाजूस तपकिरी छटा उमटते. अशी छटा रंग जुना असल्याचे सुचविते. नंतर भरलेल्या रंगामुळे नकाशा खोटा ठरत नाही, परंतु सूचीत तसे नमूद असणे आवश्यक आहे.

बोली आणि कायदा :
हातोडा पडतो ती अंतिम किंमत नसते. तीवर लिलावगृहाचे अधिमूल्य व कर आकारले जातात. म्हणून एकूण खर्चाची मर्यादा आधीच ठरवून बोली लावावी. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, 1972 हा एप्रिल 1976 पासून अमलात आला. त्यानुसार शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावस्तूच्या व्याख्येत येऊ शकते. अशी वस्तू देशात खरेदी करता येते, मात्र खाजगी व्यक्तीस ती परदेशी नेता वा पाठविता येत नाही. परदेशस्थ नातेवाइकांना भेट देण्याच्या हेतूने खरेदी करणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. विक्रेत्याचा परवाना, पूर्वस्वामित्वाचा पुरावा व पावती जपून ठेवावी.

जतन :
पनवेलची दमट हवा कागदास घातक आहे. नकाशा आम्लरहित पुठ्ठ्यात ठेवावा, भिंतीच्या ओलीपासून व थेट उन्हापासून दूर ठेवावा. त्यास चिकटपट्टी लावू नये किंवा त्याचे लॅमिनेशन करू नये.

समारोप :
रेनेलच्या 1782 च्या नकाशावरील अलंकृत चौकटीत ब्राह्मण ब्रिटानियेस धर्मग्रंथ अर्पण करताना दाखविले आहेत. भूमीच्या मोजणीबरोबर सत्तेचा दावाही येथे कागदावर उतरला आहे. असा नकाशा केवळ दिवाणखान्याची शोभा म्हणून बंदिस्त राहिला तर हा दावा वाचणारा कोणी उरत नाही. संग्राहकाने त्याची उत्तम छायाप्रत स्थानिक ग्रंथालयास दिल्यास मूळ प्रत सुरक्षित राहील आणि विद्यार्थ्यांस अभ्याससाधन मिळेल.